इंग्रजीवर भागतं, पण कुठपर्यंत?

मागच्या पावसाळ्यातला रविवार. खडवली स्टेशनवर लोकल थांबली आणि नेहमीसारखी पिकनिकवाल्यांची झुंबड उतरली. पाऊस सुरू झाला की भातसा नदीवर जायला ठाणे, डोंबिवली, कल्याणहून माणसं येतातच, त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच होतं की त्या गर्दीत दोन परदेशी पाहुणे होते. एक मुलगा, एक मुलगी, आमच्याच वयाचे. पाठीवर सॅक, हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर 'आता कुठे जायचं?' असा भाव.

आम्ही चार मैत्रिणी स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीपाशी उभ्या होतो. ते दोघं सरळ आमच्याकडे आले आणि इंग्रजीत नदीचा रस्ता विचारला. एक सेकंद आम्ही सगळ्या गार. मग मास कम्युनिकेशनची पदवी घेतलेली, रोज इंग्रजी पेपर वाचणारी मी पुढे झाले. 'गो स्ट्रेट, देन लेफ्ट.' ते 'थँक्यू' म्हणून निघाले. मैत्रिणींनी पाठीवर थाप मारली. खडवलीत इंग्रजीवर भागलं होतं!

तेवढ्यात गाडीवरच्या काकूंनी वडे तेलात सोडता सोडता विचारलं, "अगं, पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलंस का त्यांना?"

नव्हतं सांगितलं. नदीकडे जाताना एक पाटी लागते. पाणी खोल आहे, वरून धरणाचं पाणी सोडलं की पातळी एकदम वाढते, पात्रात उतरू नये, असं तिच्यावर लिहिलंय. मराठीत. ती पाटी मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलीय की ती कुणाला वाचता येणार नाही, हे डोक्यातच आलं नाही. त्या दोघांसाठी ती नुसती नक्षी होती. मी छत्री न उघडता तशीच धावत सुटले. गाठलं तेव्हा दोघं काठावर बसून बुटांच्या लेस सोडत होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी त्यांना सगळं समजावलं. त्यांना पटलं. फोटो काढून, वडापाव खाऊन पुढच्या गाडीने ते परत गेले.

घडलं एवढंच. पण परदेशी जायचा विषय निघाला की आपल्या कट्ट्यावर हमखास येणारा तो प्रश्न, 'तिकडे इंग्रजीवर भागतं का रे?', मला त्या दिवसापासून वेगळा ऐकू येतो. त्या दोघांचं खडवलीत इंग्रजीवर भागलंच होतं. रस्ता मिळाला, तिकीट मिळालं, खायला मिळालं. फक्त सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जिथे लिहिली होती, तिथे इंग्रजी नव्हती.

आकडे काय सांगतात?

आधी सरळ उत्तर. भागतं का? खूप ठिकाणी भागतं. पण सगळीकडे सारखं नाही.

युरोपियन युनियन आपल्या नागरिकांना भाषांबद्दल अधूनमधून विचारत असते. २०१२च्या पाहणीत एक प्रश्न होता: मातृभाषेव्यतिरिक्त गप्पा मारता येतील इतपत कोणती भाषा येते? 'इंग्रजी' असं उत्तर नेदरलँड्समध्ये ९० टक्के लोकांनी दिलं. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये ८६ टक्के. जर्मनीत ५६, फ्रान्समध्ये ३९, इटलीत ३४, स्पेनमध्ये २२ आणि हंगेरीत २० टक्के. म्हणजे आपण ज्याला सरसकट 'युरोप' म्हणतो, तिथे एका देशात दहातले नऊ जण इंग्रजी बोलतात आणि विमानाने दोन तासांवरच्या दुसऱ्या देशात दहातले दोन. २०२४मध्ये जाहीर झालेल्या नव्या पाहणीत संपूर्ण युनियनचा आकडा ४७ टक्क्यांवर गेलाय, आणि १५ ते २४ वयोगटात तो ७०च्या आसपास आहे. त्यामुळे तिकडे रस्ता विचारायचा तर कॉलेजच्या पोराला विचारावा, आजोबांना नको, हा साधा नियम धरायला हरकत नाही.

हा फरक का पडतो? एक कारण आपल्याला घरबसल्या कळण्यासारखं आहे. नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन या छोट्या भाषांच्या देशांत इंग्रजी सिनेमे आणि मालिका मूळ आवाजातच दाखवतात, खाली सबटायटल्स देतात. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये डबिंगची जुनी पद्धत आहे. तिथे हॉलिवूडचा हिरो जर्मनमध्ये किंवा इटालियनमध्येच बोलतो. आता आपलं बघा. आपण शाळेत हिंदी शिकलो हे खरं, पण बोलायला शिकलो ते कार्टून, मालिका आणि सिनेमांमुळेच. डच पोरं इंग्रजी तशीच शिकतात.

आशियातही असंच. सिंगापूरमध्ये इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ या चार अधिकृत भाषा आहेत आणि सरकारी व्यवहार इंग्रजीत चालतो, त्यामुळे तिथे काळजी नाही. फिलिपिन्समध्ये फिलिपिनोबरोबर इंग्रजी अधिकृत आहे. थायलंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावर आणि हॉटेलांत इंग्रजी चालते, पण गल्ली बदलली की हातवारे सुरू. जपानमध्ये स्टेशनवरच्या पाट्या इंग्रजीतही असतात, पण पाटी वाचता आली तरी समोरचा माणूस इंग्रजीत बोलेलच असं नाही. तिथल्या अनेक हॉटेलांच्या काचेत पदार्थांचे हुबेहूब प्लास्टिकचे नमुने मांडलेले असतात, बोट दाखवलं की काम होतं. व्हिएतनामची लिपी रोमन आहे, त्यामुळे पाटी वाचता येतेय असं वाटतं. पण तिथे 'मा' हा एकच उच्चार सहा वेगवेगळ्या सुरांत केला की सहा वेगळे अर्थ होतात. एका सुरात आई, दुसऱ्यात भूत आणि तिसऱ्यात भाताचं रोप! आमच्या खडवलीच्या शेतात असा घोळ झाला तर लावणीच थांबायची.

आणि काही देशांत इंग्रजीपेक्षा आपलंच काहीतरी जास्त चालतं. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे काठमांडूतल्या पाट्या आपण सहज वाचू शकतो. दुबईत अधिकृत भाषा अरबी, ऑफिसात इंग्रजी, पण टॅक्सीत आणि दुकानात आपली मुंबईची हिंदी बिनधास्त धावते.

देश कोणता, यापेक्षा माणूस कोण?

पण आकड्यांवर फार विसंबू नका. आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. परदेशी पर्यटकांना 'भारतात इंग्रजीवर भागतं' असंच सांगितलं जातं. आणि २०११च्या जनगणनेत पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे लोक होते साधारण दहा टक्के. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. पर्यटक ज्या दहा टक्क्यांना भेटतो, त्यांच्यात त्याचं भागतं. विमानतळ, हॉटेलचं रिसेप्शन, म्युझियमचं तिकीटघर, मोठ्या ब्रँडचा कॅफे. ही साखळी जगभर सारखी आहे आणि तिची भाषा इंग्रजी आहे.

त्या साखळीच्या बाहेर पाऊल टाकलं की चित्र बदलतं. बसचा ड्रायव्हर, भाजीवाली बाई, घरमालक, पोस्टातला माणूस, मेडिकलवाला, पोलीस चौकी. म्हणून 'त्या देशात इंग्रजी चालते का?' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. पूर्ण प्रश्न असा हवा: मी तिकडे कुणाशी बोलणार आहे, आणि कशासाठी? आठ दिवस फिरायला गेलात तर त्या साखळीच्या आत राहून परत येता येतं. दोन वर्षं राहायला गेलात तर पहिल्या आठवड्यातच तिच्याबाहेर पडावं लागतं.

आणखी एक गोष्ट. सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर इंग्रजीवर भागतं. गाडी रद्द झाली आणि घोषणा फक्त स्थानिक भाषेत झाली, खाण्यातून अॅलर्जी झाली, पाकीट मारलं गेलं, घरमालकाने डिपॉझिट अडवलं, की आपली इंग्रजी एकदम लंगडी पडते. कारण अशा वेळी आपल्याला समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि घाबरलेला, चिडलेला किंवा घाईत असलेला माणूस स्वतःच्याच भाषेत बोलतो. आपणही तेच करतो की.

शिकायला, नोकरीला जाताय?

आपल्या वाचकांपैकी फिरायला परदेशी जाणारे थोडे, शिकायला आणि कामाला जायचं स्वप्न बघणारे जास्त. त्यांच्यासाठी हा विषय पैशांचा आणि करिअरचा आहे.

जर्मनीचं बघा. २०२३-२४मध्ये तिथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते, परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात जास्त. इंग्रजीत शिकवले जाणारे मास्टर्सचे कोर्स तिथे भरपूर आहेत, त्यामुळे 'जर्मन आली नाही तरी चालतं' ही गोष्ट वर्गापुरती खरी आहे. पण भाड्याची खोली शोधणं, सरकारी कचेरीतली कागदपत्रं, पार्टटाइम काम आणि डिग्रीनंतरची नोकरी या चारही ठिकाणी जर्मन आडवी येते. नर्सिंगसारख्या क्षेत्रात तर साधारण बी-२ पातळीची जर्मन लागतेच. आपल्या राज्य सरकारने २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट ठेवलं, आणि त्यात जर्मन शिकवण्याचा खर्च सरकारने उचलायचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर यांना पाठवायचं तर आधी भाषा शिकवावी लागेल, हे सरकारलाही मान्य करावं लागलं, हे लक्षात घ्या.

माझ्या ओळखीतल्या एका ताईला हे उशिरा कळलं. तिने नर्सिंग केलंय. एका एजंटने तिला सांगितलं, 'तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं, भाषेचं नंतर बघू.' पैसे भरले, कागद जमवले, आणि मग कळलं की भाषेच्या सर्टिफिकेटशिवाय फाइल पुढे सरकतच नाही. वर्ष गेलं. आता ती रोज नाइट ड्यूटी करून सकाळी ऑनलाइन जर्मन शिकते. ती मला म्हणाली, "इंग्रजी येत नाही म्हणून लोक अडकतात असं मी ऐकलं होतं. मी इंग्रजी येते म्हणून अडकले." एजंट, कन्सल्टन्सी, ओळखीतला कुणीही 'इंग्रजीवर भागतं' असं म्हणाला तर त्याला लगेच विचारा, 'कुठे भागतं? वर्गात की वॉर्डात?'

एमबीबीएससाठी रशिया किंवा मध्य आशियात जाणाऱ्यांचंही तेच. लेक्चर इंग्रजीत होतात, पुस्तकं इंग्रजीत असतात. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी हॉस्पिटलमध्ये पेशंटसमोर उभं राहिल्यावर तो 'कुठे दुखतंय' हे रशियनमध्ये किंवा त्याच्या भाषेत सांगतो. पेशंट इंग्रजीत कण्हत नाही. म्हणून तिथे पहिल्या वर्षापासून भाषेचा तास असतो, आणि तो बुडवणाऱ्याला पुढे पेशंटशी बोलताच येत नाही.

जपानने २०१९पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि २०२१मध्ये भारताशी त्याबद्दल करार केला. वृद्धांची देखभाल, शेती, बांधकाम, हॉटेल अशी क्षेत्रं त्यात आहेत. कामाच्या परीक्षेबरोबर जपानीची परीक्षाही पास व्हावी लागते.

आणि कॅनडा? तिथे तर इंग्रजीच, असं वाटत असेल तर मॉन्ट्रियलला अॅडमिशन घेण्यापूर्वी थांबा. मॉन्ट्रियल क्युबेक प्रांतात आहे आणि तिथली अधिकृत भाषा एकच, फ्रेंच. १९७७च्या भाषा कायद्याने दुकानांच्या पाट्यांपासून कामाच्या जागेपर्यंत फ्रेंचला पहिला मान दिलाय. मराठी पाट्यांसाठी आग्रह धरणाऱ्या आपल्याला तरी त्याचं नवल वाटू नये. आपण आपल्या गावात जे मागतो, तेच तेही त्यांच्या गावात मागतात.

आपली इंग्रजी, त्यांची इंग्रजी

जिथे इंग्रजी चालते तिथेही 'आपली' इंग्रजी चालेलच असं नाही. 'आय अॅम आउट ऑफ स्टेशन' म्हटलं तर समोरचा तुम्हाला खरोखर रेल्वे स्टेशनबाहेर शोधेल. 'आय पास्ड आउट इन ट्वेन्टी ट्वेन्टी फोर' याचा अर्थ तिकडे 'मी बेशुद्ध पडले' असा होतो. लाख आणि कोटी तर विसराच. गंमत म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यापेक्षा डच, थाई किंवा ब्राझिलियन माणसाशी इंग्रजीत बोलणं बरेचदा सोपं जातं. दोघांचीही ती शिकलेली भाषा असते, दोघंही सावकाश बोलतात, सोपे शब्द वापरतात आणि कुणी कुणाच्या चुका काढत नाही. 'माझी इंग्रजी कच्ची आहे' म्हणून लाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. परदेशात सगळ्यात उपयोगी पडते ती छोट्या वाक्यांची, स्पष्ट इंग्रजी. अॅक्सेंट मारायची गरज नाही.

मोबाइलवरचं भाषांतर आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि जरूर वापरा. कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ दिसतो, भाषा आधी डाउनलोड करून ठेवली तर नेटशिवायही चालतं. त्या रविवारी त्या दोघांच्या हातातही मोबाइल होता. पण कुठली पाटी महत्त्वाची आणि कुठली कोचिंग क्लासची जाहिरात, हे मोबाइल सांगत नाही. ते माणूस सांगतो.

मराठीची शिदोरी

आता जे सांगायचंय ते कुठल्याच कन्सल्टन्सीच्या ब्रोशरमध्ये नसतं. परदेशी भाषा आपण नेहमी इंग्रजीच्या खिडकीतून बघतो आणि म्हणून घाबरतो. एकदा मराठीच्या खिडकीतून बघा.

जर्मन अवघड का? तर म्हणे तिच्यात तीन लिंगं आहेत, डेर, डी, दास, आणि कुठल्या शब्दाला कुठलं याला काही लॉजिक नाही. इंग्रजीवाला डोकं धरून बसतो. अहो, आपल्याकडे काय आहे? तो, ती, ते! दरवाजा 'तो', खिडकी 'ती' आणि दार 'ते' हे आपल्याला कुठल्या लॉजिकने कळलं? जर्मनमध्ये 'मुलगी' या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून सगळे हसतात. आपण 'ते पोरगं' म्हणतोच की. शाळेत प्रथमा, द्वितीया घोकताना वैताग आला होता ना? जर्मनमध्ये त्या चारच आहेत.

जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखं. 'चा-ची-चे'सारखा प्रत्यय नामाच्या मागे लागतो. 'वाताशी नो होन' म्हणजे 'माझं पुस्तक', अगदी शब्दशः 'मी-चं पुस्तक'. आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी काय लावायचं? 'का'! 'इकिमास का?' म्हणजे 'जाणार का?' इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला सगळं वाक्य उलटं करावं लागतं. आपल्याला नाही.

फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं. अनोळखी माणसाला 'तू' म्हटलं की तो दुखावतो. हे इंग्रजीच्या एका 'यू'वर वाढलेल्याला शिकावं लागतं. आपण ते आईच्या धपाट्याबरोबर शिकलोय. आणि इंडोनेशियात भाषेला म्हणतातच 'बहासा', शिक्षकाला 'गुरू'.

हे सगळं सांगितल्यावर कुणी म्हणेल, खेड्यातल्या पोरांना जमणार का? खडवलीची गोष्ट सांगते. घरी आज्जीची आगरी वळणाची मराठी, शाळेत पुस्तकातली मराठी, लोकलमध्ये हिंदी, कॉलेजात इंग्रजी. दिवसातून चार वेळा आम्ही जीभ बदलतो आणि त्याला कुणी 'स्किल' म्हणत नाही. एकच भाषा येणाऱ्या देशातल्या माणसाला विचारा, यासाठी तो किती फी भरेल!

आपल्याआधी गेलेल्यांनीही हे केलंय. १८६५मध्ये आपल्या कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३मध्ये, अठराव्या वर्षी, बोटीने अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी 'मी अमेरिकेला का जाते' हे भर सभेत इंग्रजीतून सांगितलं. १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या इंग्रजीमागे कित्येक वर्षांचा अभ्यास होता, तोही मुलींनी शिकणं हाच गुन्हा होता त्या काळातला. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्य करता करता अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. तिथे इंग्रजी कामाची नव्हती. ते स्पॅनिश शिकले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मका आणि गव्हावर संशोधन केलं. तिथले शेतकरी त्यांना आपला मानू लागले आणि दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. मेक्सिकोत इंग्रजीवर 'भागवत' बसले असते तर हे झालं असतं?

आणि मराठीवरच भागेल असे कोपरेही आहेत बरं का. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांत जुन्या पिढीची मराठी अजून ऐकू येते. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं-पतवंडं शाळेत मराठी शिकतात. तिथल्या संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण रस्त्यावर सगळे बोलतात क्रिओल. म्हणजे कागदावर इंग्रजी असलेल्या देशातही बाजारातली भाषा वेगळीच.

मग करायचं काय?

कॉलेजच्या तीन वर्षांत एक परदेशी भाषा निदान पहिल्या पायरीपर्यंत शिका. मुंबई आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, मुंबईत अलियाँस फ्राँसेज आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे वर्ग वर्षानुवर्षं चालतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा मुंबई-पुण्यात देता येते, सगळ्यात खालची पातळी एन-५. फी परवडत नसेल तर फुकटची अॅप्स आणि व्हिडिओ आहेत. आणि वेळ? खडवलीहून सीएसएमटीला दीड-पावणेदोन तास लागतात, जाऊन-येऊन साडेतीन. रोजचे वीस शब्द त्यात बसतात. रील्स थोड्या कमी होतील इतकंच.

कॉलेजांनाही एक सांगणं. आपल्याकडे परदेशाची तयारी म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास, असं समीकरण झालंय. इंग्रजी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण प्लेसमेंट सेलने ज्या देशाची माहिती द्यायची, त्या देशाच्या भाषेचे दहा तास तरी ठेवायला काय हरकत आहे? शनिवारच्या रिकाम्या वर्गात ते सहज होईल.

आणि नुसतं आठ दिवस फिरायला जाताय? मग पाच वाक्यं पाठ करा, त्या देशाच्या भाषेत. नमस्कार. धन्यवाद. माफ करा, तुम्हाला इंग्रजी येते का? मला हे खाऊन चालत नाही. मदत करा. फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर आधी 'बाँजूर' न म्हणता इंग्रजीत सुरू झालात तर दुकानदार तुटक वागतो, आणि 'बाँजूर' म्हटलंत तर तोच माणूस स्वतःहून इंग्रजीत येतो. युरोपियन युनियनमध्ये कुठेही अडचण आली तर ११२ हा नंबर लावा, आपल्याकडेही तोच आहे. आणि हॉटेलचा पत्ता त्यांच्या लिपीत लिहिलेला कागद खिशात ठेवा, बॅटरी संपली तरी तो चालतो.

ते दोघं परदेशी गेल्यानंतर काकूंनी मला विचारलं होतं, "ते 'पाण्यात उतरू नका' कसं म्हणायचं गं इंग्लिशमध्ये?" मी सांगितलं. दोन-तीनदा म्हणून घेतलं त्यांनी, वडे तळता तळता. परदेशी पाहुणे त्यानंतर काही आले नाहीत. पण काकूंचं वाक्य वाया जात नाही. पावसाळ्यात नदीकडे निघालेल्या प्रत्येक घोळक्याला त्या ते आधी मराठीत सांगतात, मग हिंदीत, आणि तरी कुणी हसलंच तर दरडावून इंग्रजीत.